ॲल्युमिनियमचं हेड

पालघरला दवाखाना काढून मला दुसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा माझ्याकडे ती गाडी आली. दोनच माणसांची, वरून उघडी, हिरव्या रंगाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. डहाणूकडच्या एका चिकूच्या बागायतदाराची होती ती. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारात मी वर्षभर जा-ये केली होती. पुढे त्याच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गाडी चालवणं बंद झालं, आणि त्यानं ती मला जवळजवळ देऊनच टाकली. "पडून सडण्यापेक्षा तुम्ही फिरवा," म्हणाला.

एकोणीसशे साठ साल नुकतं उलटलं होतं. तालुक्यातले डॉक्टर तेव्हा सायकलवर फिरत, लांब जायचं तर बैलगाडी सांगत. मी साताऱ्याकडचा, तिशीचा, नुकतं लग्न झालेलं. मुंबईत शिकत असताना मित्राबरोबर गाड्यांच्या शर्यती पाहायला जायचो, त्याची धुंदी अजून उतरली नव्हती. पेशंटकडे लवकर पोचता यावं म्हणून गाडी ठेवली, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं नव्हतं. पण रस्त्यानं जाताना माणसं वळून बघत ते मला आवडायचं, हे त्याहून खरं होतं.

गाडीचं सगळं काम एक मेस्त्री करायचा. सातपाटीचा, कोळी समाजातला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. होड्यांना इंजिनं बसायला लागली तेव्हा ज्या पहिल्या काही माणसांनी ती खोलायला-जोडायला शिकून घेतली त्यांतला तो एक. एकदा दोरात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा समुद्र सोडला आणि पालघर-सातपाटी रस्त्यावर पत्र्याची शेड टाकली. होड्यांची इंजिनं, ट्रक, जे येईल ते दुरुस्त करायचा. बोलणं फार कमी. काढलेला प्रत्येक नट पुसून फडक्यावर ओळीनं मांडायचा, आणि ती ओळ कुणी हलवली तर मात्र चिडायचा.

एका थंडीत गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला. ऑइल बघितलं तर दूध घातलेल्या चहासारखं झालेलं. मेस्त्रीनं इंजिनाचं हेड उतरवलं. हेड म्हणजे इंजिनावरचं जाड झाकण. त्याच्याखाली सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं आणि त्याच्या पोटातून पाणी फिरतं. त्यानं ते उजेडात धरलं, रॉकेलनं धुतलं आणि बोटानं दाखवलं.

"तडा गेलाय. ह्या दोन व्हॉल्वच्या मदी. पानी ऑइलात उतरतंय."

"वेल्डिंग करून चालणार नाही?"

"बिडाला टाका मारला तर म्हैनाभर चालंल. मंग वाटेत कुटंतरी सोडील तुमाला."

मूळ कंपनीचं नवं हेड मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आयात बंद होती. मेस्त्रीच्या ओळखीचा मुंबईत एक लहानसा ओतकामाचा कारखाना होता. जुनं हेड नमुना म्हणून दिलं तर ते तसंच बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, नवं ओतून द्यायला तयार होते, फक्त वेळ लागणार होता. मेस्त्रीनं मला फारसं न विचारता ते हेड तिकडे पाठवूनही दिलं. मी मात्र एवढ्यावर थांबलो नाही. सुट्या भागांच्या दुकानात वापरलेलं एखादं हेड मिळेल म्हणून एका सकाळी मी मेस्त्रीला घेऊन मुंबई गाठली.

चार-पाच दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी आमच्याच गाडीचं वापरलेलं हेड होतं, पण ते इतक्या वेळा घासून सपाट केलेलं की मेस्त्रीनं त्याची जाडी बोटांनी मापून परत ठेवून दिलं. शेवटच्या दुकानदारानं आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि काउंटरवर उलगडलं.

ते ॲल्युमिनियमचं हेड होतं. चांदीच्या भांड्यासारखं चमकत होतं. आमच्याच इंजिनाला बसणारं, पण शर्यतीसाठी परदेशात बनवलेलं. व्हॉल्व मोठे, आतल्या वाटा गुळगुळीत घासलेल्या, वजन बिडाच्या हेडाच्या निम्मं. देश सोडून गेलेल्या कुणा हौशी माणसानं ते विकायला ठेवलं होतं.

"डॉक्टरसाब, ये तो रेस का माल है," दुकानदार म्हणाला. "गाडी उड़ेगी."

मेस्त्रीनं ते उचललं. पाण्याच्या भोकांत करंगळी घालून फिरवली. ज्या खोबणीत पेट्रोल पेटतं ती किती उथळ आहे ते अंगठ्यानं चाचपलं. मग खाली ठेवलं आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे गेलो.

"काय झालं?"

"ह्यो नको, डाक्टर."

"का?"

"दाब लई हाय ह्याचा. ह्याला भारी पेट्रोल लागतं. आपल्या पंपावरचं पेट्रोल ह्याला पुरनार नाय, ठोके मारील. आनि ॲल्युमिनियमला खारं पानी चालत नाय. आमी होडीवर बगतो ना. खाऊन टाकतं. आपल्या विहिरींना उन्हाळ्यात काय पानी असतं ते तुमाला म्हाईत हाय."

"काळजी घेतली तर?"

"शर्यतीवाला शर्यत झाली की घरी जातो. तुमाला रोज जायचं हाय. बिडाचं येतंय, ते घाला. जड हाय, पन तुमाला दगा देनार नाय."

त्याचं म्हणणं मला कळलं नाही असं नाही. प्रत्येक वाक्य कळलं. पण दुकानात ते चमकतं हेड उघडं पडलं होतं, आणि ते तिथं ठेवून रिकाम्या हातानं पालघरला परतायचं मला जमेना. इतक्या वर्षांनी मी कारणं शोधतो तेव्हा एवढंच सापडतं. मी आत गेलो आणि हेड बांधून द्यायला सांगितलं.

परतीच्या रेल्वेत मेस्त्री ते मांडीवर घेऊन बसला होता. विरारच्या पुढे कधीतरी म्हणाला, "गाडी तुमची. बसवतो मी."

बसवताना त्यानं आणखी एक तोड काढली. हेडाखाली दुप्पट जाडीचं पॅकिंग घातलं तर दाब थोडा उतरेल, पेट्रोलही चालून जाईल. मी म्हणालो, "मग ते घेतलं कशाला? जसं बनवलंय तसंच बसव." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नेहमीचं पातळ पॅकिंग घातलं. नट क्रमानं आवळले, दोन दिवस गाडी चालवून आणायला लावली, पुन्हा सगळे तपासले. त्याच्या कामात काही कमी नव्हतं. मी शेजारी उभं राहून सगळं पाहिलं होतं, म्हणून हे मी शपथेवर सांगू शकतो.

निघताना त्यानं बजावलं, "रेडिएटरात विहिरीचं पानी घालू नका. तुमच्याकडं दवाखान्यात उकळून गाळलेलं पानी असतं, तेच घाला. आनि ठोके आले की पाय उचला."

गाडी खरंच उडायला लागली. शिरगावच्या पुढच्या सरळ रस्त्यावर मी ती अशी पळवायचो की कडेची ताडाची झाडं एकमेकांत मिसळायची. जोर दिला की इंजिनातून टिचक्या मारल्यासारखा आवाज यायचा. मेस्त्रीनं सांगितलेले ठोके ते हेच. पहिल्यांदा मी पाय उचलायचो. मग त्या आवाजाची सवय झाली. महिनाभर गाळलेलं पाणी घातलं, मग तो खटाटोपही सुटला. दवाखान्याच्या मागच्या विहिरीतून बादली ओढायची आणि ओतायची. चैत्र लागला तशी त्या पाण्याला मचूळ चव यायला लागली होती. माझी बायको ते पाणी डाळीलासुद्धा घेत नसे.

बिडाचं नवं हेड दरम्यान ओतून आलं होतं. मेस्त्रीनं ते पोत्यात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. मला एकदा सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

वैशाखातल्या एका दुपारी, बाराच्या सुमारास, सातपाटीहून एक तरुण सायकल मारत आला. घामानं निथळत होता. त्याच्या वहिनीचं पहिलं बाळंतपण सकाळी घरीच झालं होतं, मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. सुईणीनं हात टेकले होते. मी इंजेक्शनं भरून घेतली आणि म्हणालो, "चल, बस गाडीत."

"सायकल?"

"राहू दे इथंच. पंधरा मिनिटांत पोचतो आपण."

शिरगाव मागे पडेपर्यंत गाडी व्यवस्थित चालली. ठोके येत होते. पाय उचलायला हवा होता, पण घाई होती, आणि घाई हेच तर त्या गाडीचं निमित्त होतं. मग एकदम फट्‌ असा आवाज झाला, बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ उसळली आणि गाडीतला जीवच गेला. मी दोनदा हँडल मारून पाहिलं. इंजिन नुसतं फुसफुसलं.

रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. एका बाजूला खाजणाचं वाळलेलं रान, दुसऱ्या बाजूला ताडं. एसटी तासाभरानं येणार होती. आम्ही चालायला लागलो, मग धावायला. तो तरुण माझी बॅग घेऊन पुढे पळाला. आतल्या औषधांचं काय करायचं ते त्याला कळणार नव्हतं, पण त्याच्यानं राहवेना. उन्हात धावायची मला सवय नव्हती. थांबत, धापा टाकत, पोटात कळ घेऊन मी पोचलो तेव्हा पाऊण तास वाया गेला होता. आम्ही दोघांनी ती एक सायकल जरी घेतली असती, तरी याच्या आधी पोचलो असतो.

तिचे हातपाय गार पडले होते. नाडी बोटांखाली लागत नव्हती. मी इंजेक्शनं दिली, पोट दाबून धरलं, खाटेच्या पायाकडे विटा लावल्या. जे येत होतं ते सगळं केलं. तासाभरानं ती गेली. वीस-एकवीस वर्षांची असेल. मी आधी पोचलो असतो तर ती वाचली असती का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वाचतात अशा बायका. जातातही.

बाहेर ओटीवर तिची सासू बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मला विचारलं, "लगेच निगाले व्हते ना तुमी? मंग एवडा येळ?"

आजूबाजूला आळीतली वीस-पंचवीस माणसं उभी होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "मेस्त्रीनं गाडीचं हेड नीट बसवलं नाही. वाटेत बंद पडली."

मी हात धुतले आणि निघालो.

संध्याकाळी मेस्त्रीनं बैलगाडीला बांधून गाडी शेडमध्ये आणली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा हेड फडक्यावर उलटं ठेवलेलं होतं. दोन सिलिंडरांच्या मधलं पॅकिंग जळून गेलं होतं. पाण्याच्या भोकांभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन पांढरी भुकटी जमली होती. चार महिन्यांत त्या चांदीसारख्या वस्तूचं ते झालं होतं.

"बगा," मेस्त्री म्हणाला. एवढंच. विहिरीचं पाणी घातलं का, हेही त्यानं विचारलं नाही. कोपऱ्यातलं बिडाचं हेड काढलं, पोतं सोडलं आणि बसवायला घेतलं. ते बसवल्यावर गाडी एकदाही बंद पडली नाही. पुढची सात वर्षं मी ती चालवली.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या दारावर येणारी सातपाटीची मासेवाली पाटी उतरवता उतरवता माझ्या बायकोला म्हणाली, "डाक्टरांना सांग, त्या मेस्त्रीकडं गाडी देत जाऊ नको. त्याच्या हातनं आमच्या आळीतली पोर गेली. आमचे होडीवाले बी आता दुसरीकडं नेतात इंजिनं."

बायको आत आली. मी पेपर वाचत होतो.

"मेस्त्रीचं काम वाईट होतं?"

मी पान उलटलं.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तो नको नको म्हणत होता."

"हो."

"मग लोकांना असं कुणी सांगितलं?"

मी पेपर खाली ठेवला. तिला सगळं तेव्हाच कळलं असणार. ती परत बाहेर गेली, मासळी न घेताच त्या बाईला निरोप दिला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मेस्त्री दवाखान्यात आला. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहिला. मग आत आला आणि उभ्यानंच विचारलं, "डाक्टर, तुमी तिकडं काय बोलले का माझ्याबद्दल?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मी? नाही. लोक काहीही बोलतात."

तो मान हलवून निघून गेला. पहिलं खोटं घाबरून तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला समजावू शकतो. या दुसऱ्यासाठी माझ्याकडे काही नाही.

पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा समुद्रात जायच्या आधी इंजिनांच्या कामाचा त्याचा मोठा हंगाम असायचा. त्या वर्षी शेडपुढे एकही इंजिन दिसलं नाही. ट्रकवाले काही दिवस येत राहिले, मग तेही कमी झाले. पुढच्या वर्षी शेडला कुलूप लागलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि तिथं एका ठेकेदाराकडे तो डंपर दुरुस्त करायला लागला, असं कळलं.

मला तिथं जायला वर्ष लागलं. बोईसरला कामासाठी अनेकदा गेलो, पण पुढे तारापूरकडे गाडी वळवली नाही. शेवटी एका रविवारी बायकोनंच सांगितलं, "आज जा. नाहीतर पुन्हा त्याचं नाव या घरात काढू नका."

बांधकामाच्या बाहेर पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. कुठून कुठून आलेली माणसं, सगळीकडे हिंदी चाललेली. विचारत विचारत गेलो. मेस्त्री एका डंपरखालून बाहेर आला. केस पांढरे झाले होते. माझी गाडी दिसताच तो आधी तिच्याकडे गेला, बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू असताना कान लावून ऐकलं.

"चांगली चाललीय," म्हणाला.

मी तिथंच उभ्यानं सांगितलं. सातपाटीला मी काय बोललो, त्याला खोटं काय सांगितलं, सगळं. तो हातातल्या चिंधीनं बोटं पुसत ऐकत होता.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमाला विचाराया आलो, त्याच्या आदीपासून. त्या पोरीच्या दिरानंच सांगितलं मला, डाक्टर असं बोलले म्हनून."

"मग विचारलंस कशाला?"

"बगत व्हतो, तुमी काय बोलता."

मी म्हणालो, "माझं चुकलं, मेस्त्री. तू परत ये. मी सगळ्यांना सांगतो."

"तिकडं जाऊन सांगा आदी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण दुसरंही काही नव्हतं. "माझी आई त्याच आळीत राहाते. बाजारात बसली तर बायका तिच्याकडनं म्हावरं घेत नायत. माझं काय, मी इकडं हाय." मग कुणीतरी त्याला हाक मारली. "आता जा तुमी," म्हणाला, आणि परत डंपरखाली सरकला.

पुढच्याच आठवड्यात मी सातपाटीला गेलो. ती सासू अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मी उभा राहून सांगितलं. हेड मी निवडलं, मेस्त्री नको म्हणत होता, पाणी मी घातलं, गाडी मी हाणली. तिनं हात न थांबवता ऐकलं.

"आता हे कशाला सांगता?" तिनं विचारलं.

"मेस्त्रीचं नाव खराब झालं म्हणून."

तिनं आणखी दोन बोंबील अडकवले. मग म्हणाली, "माझी सून तशीबी गेली आनि अशीबी गेली. आलाच हायत तर आत जा. मालकाला दोन दिस ताप हाय, बगून घ्या."

मी आत जाऊन तिच्या नवऱ्याला तपासलं. औषध लिहून दिलं. दुसरं करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मेस्त्री परत आला नाही. केंद्राचं काम संपत आलं तेव्हा तो ठेकेदाराबरोबर गुजरातेत कुठल्याशा धरणावर गेला. मी पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. त्याची आई त्याच सुमारास वारली. तिच्या शेवटच्या दुखण्यात मला कुणी बोलावलं नाही.

मी जिथं संधी मिळेल तिथं खरं सांगत राहिलो. सातपाटीत, मुरब्याला, पालघरच्या बाजारात. दोन-तीन वर्षांनी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बसलो असताना एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, कुणाला तरी तीच हकीकत सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात हेड मेस्त्रीनंच बिघडवलेलं होतं. मी मध्येच बोललो, "मेस्त्रीची चूक नव्हती. माझी होती."

तांडेलानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "बगितलं? आमचा डाक्टर असा हाय. एवडं झालं तरी त्या मेस्त्रीवर येऊ देत नाय."

शेजारच्यानं मला नमस्कार केला. मी पुन्हा सांगू लागलो, पण तोवर त्यांचं बोलणं बर्फाच्या गाडीकडे वळलं होतं.